बोटं त्यांची, बोलणं आपलं

बाई, कारखान्यात संगणक आला तेव्हा सगळ्यात जास्त घाबरलो होतो ते हजेरी विभागातले काका आणि मी. साजगावच्या त्या ऑफिसात मी टायपिस्ट होते, कुंभिवलीहून येणारी, जेमतेम दहावी झालेली. मुंबईचे एक साहेब येऊन इंग्रजीतून बरंच काही सांगून गेले. कुणी प्रश्न विचारला नाही. काय विचारायचं, तेच कुणाला कळत नव्हतं. मग मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं की दिवाळीपर्यंत जे शिकणार नाहीत त्यांची बदली गोदामात. तुम्ही हिशेब विभागात होतात, गणिताच्या पदवीधर, रोज कर्जतहून यायचात. संगणकासोबत आलेलं ते जाड पुस्तक तुम्ही घरी नेऊन वाचलंत आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हाला प्रोग्राम लिहायला शिकवू लागलात. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

सुरुवातीलाच एकदा पडद्यावर चूक झाल्याची इंग्रजी ओळ आली आणि मी हात मांडीवर ओढून घेतले. "बाई, मी काय केलं नाय. आपोआप बिघडलं." तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात आणि मुद्दाम काहीतरी चुकीचं टाइप केलंत. तीच ओळ पुन्हा उमटली. "बघ, मलाही बोललं. बिघडलेलं नाही गं. आपलं म्हणणं त्याला समजलं नाही, एवढंच सांगतंय ते." मग विचारलंत, "तुला काय व्हायला हवं होतं? तू काय लिहिलंस? आणि झालं काय?" मी गावच्या बोलीत अडखळत सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच दिसलं की अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय. तुम्हाला ते आधीच दिसलं असणार. पण तुम्ही बोलला नाहीत, मला शोधू दिलंत.

काकांचा दिवस मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. काका एका बोटानं अक्षर शोधतायत, घाम पुसतायत. "या वयात मी काय शिकनार गं? टाकू दे मला गोदामात." मला राहवत नाही. मी त्यांच्या पुढ्यातला कीबोर्ड ओढते आणि भराभर त्यांची चुकलेली ओळ दुरुस्त करून टाकते. काका खुर्ची मागे सरकवतात आणि उठून जातात. तुम्ही मला बाहेर व्हरांड्यात नेता.

"मी मदत करत होते, बाई."

"नाही, तू काम उरकलंस. आता त्यांना वाटतंय की हे तुझ्यासारख्यांनाच जमतं. शिकवताना बोटं त्यांची, बोलणं आपलं. आणि वेळ लागला तर लागू दे."

मला फार लागलं ते. पण दुसऱ्या दिवशी काकांना मीच बोलावून आणलं आणि हात पाठीमागे बांधून त्यांच्या बाजूला उभी राहिले. दिवाळीच्या आत काकांनी रजेची शिल्लक काढणारा प्रोग्राम लिहिला. मॅनेजरसाहेब मागे उभे होते. काकांनी आधी स्वतःचीच रजा घातली, पडद्यावर आलेला आकडा बोटांवर मोजून ताडून पाहिला आणि संगणकालाच म्हणाले, "बरोबर हाय रं!" तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. काका निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर राहिले, आणि मीही माझ्या.

तुम्ही पुढे आजारी पडलात आणि फार लवकर गेलात. आता मी खोपोलीत घरीच वर्ग घेते. धुणीभांडी करणाऱ्या बायका येतात, रिक्षावाले येतात, कधी माऊससुद्धा न धरलेले. कुणी अडलं की तुमचे तेच प्रश्न विचारते.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच एक सांगून टाकते. तेच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, हे समजावताना तुम्ही भाताच्या लावणीचं उदाहरण दिलं होतंत. रोप लाव, मागे सरक, पुन्हा लाव, बांध आला की थांब. तुम्ही कधी चिखलात उतरला नव्हतात, तरी माझ्यासाठी म्हणून ते शोधून आणलं होतंत आणि इतक्या आनंदानं सांगत होतात की मी लगेच मान हलवली. बाई, मला तेव्हा काही म्हणजे काही समजलं नव्हतं. म्हणून आता वर्गात कुणी पटकन मान हलवली की मी पुढे जात नाही.