तीन मुके भोंगे

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

पुराचा इशारा देणारे दोन भोंगे, त्यांचे खांब आणि नदीतली पाणी मोजायची पट्टी मी माझ्या हातांनी केली, तीही कुणाकडे न शिकता. दोन्ही भोंगे खणखणीत वाजतात.

नगरपालिकेने खालच्या वस्तीसाठी विकत आणलेले तीन मात्र चाचणीत मुके निघाले. उघडले तर आत मोटारच नाही! पाणी रोज चार बोटं चढतंय आणि वस्ती म्हणते, "भोंगा झाला की निघू."

मी उंचावर राहतो, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

ते तीन पुरवणारा ठेकेदार म्हणाला, "मिस्त्री, चाचणीच्या कागदावर पाचही वाजले असं लिहा नि सही ठोका."

"आधी वाजवून दाखवा," मी म्हटलं.

आज त्या कागदावर दुसऱ्याच कुणाची सही दिसली. त्या सहीसाठी ठेकेदार मला साठ हजार देत होता. मी घेतले नाहीत.

तुझा हट्टी भाऊ