समुद्रापर्यंत पुरेल एवढा करंट

२ फेब्रुवारी, रविवार
गाडी आली. शहाद्याच्या एका बंद पडलेल्या खाजगी दवाखान्याची जुनी ॲम्ब्युलन्स. इंजिन उत्तम. स्ट्रेचर काढून टाकलं, तिथे पलंग येईल. छपरावर दोन सोलर पॅनल, पलंगाखाली बॅटरी, तिच्यावर पंखा, दिवे आणि छोटा फ्रीज. बाहेरून वीज घ्यायची नाही. होळी झाली की हेमांगीला घेऊन समुद्रावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने अजून समुद्र पाहिलेला नाही.

मिस्तरी लावणार नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून नोकरी केली ती काय उगाच?

हेमांगीने गाडीभोवती एक चक्कर मारली. "चालस का हाई?" म्हणाली. चालते म्हटलं. "मंग जाऊत ना." तिला सिस्टीम म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. सांगून होईपर्यंत ती धुणं वाळत घालून आली होती.

९ फेब्रुवारी
पहाटे उठून लोड कॅल्क्युलेशन करायचं ठरवलं होतं. उठलो साडेनऊला. यूट्यूबवर एक जण म्हणतो पॅनल सिरीजमध्ये जोडा, दुसरा म्हणतो पॅरललमध्ये. दोघेही सारख्याच खात्रीने बोलतात. तिसऱ्याचं ऐकून ठरवणार होतो, पण तो मध्येच घरच्या लग्नाचं सांगायला लागला.

उद्यापासून पहाटे पाच.

१८ फेब्रुवारी
पॅनल आली. छपरावर चढवायला शेजारचे लोटनभाऊ आले. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले तरी खाकी पँट सुटलेली नाही. "अप्पा, इतलं वजन घाटमा गाडी व्हढी का?" म्हणाले. मी म्हटलं, त्याचा विचार झालेला आहे. तो आत्ता करतो आहे.

१९ फेब्रुवारी
कंबर धरली. पडून आहे.

२७ फेब्रुवारी
छपराला भोकं पाडली. चार हवी होती, सात झाली. जास्तीची भोकं हवेसाठी चालतील असं हेमांगीला सांगितलं. पावसात काय, असं तिने विचारलं. सीलंट मागवलं आहे.

पुढच्या वेळी आधी माप घ्यायचं. मग भोक.

५ मार्च
मोठी प्रगती. मागवलेली लिथियम बॅटरी अजून आलेली नाही, म्हणून धाकट्या भावाकडून, जगदीशकडून, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणली. पहिली जोडणी. पंख्याची वायर म्हणून जी घेतली ती सायरनची निघाली.

बंद करायचं बटण दवाखान्यानेच काढून टाकलेलं. अख्खी गल्ली बाहेर. माझी बहीण मंगलाबाई मागच्या आळीतून रडतच आली, तिला वाटलं मला न्यायला गाडी आली आहे. मी छपरावरून हात हलवला, तर आणखी जोरात रडायला लागली.

वायर कापून टाकली. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. करंट पोहोचतो.

१६ मार्च
होळी झाली. निघालो नाही. कारण तांत्रिक. बॅटरी नंदुरबारला कुरियरच्या गोडाऊनमध्ये पडून आहे, ते म्हणतात म्हसावद आमच्या रूटवर नाही. तसंही होळीची राख उडून पॅनलवर बसली आहे, आधी ती पुसावी लागेल.

हेमांगी नव्या बॅगेला आतून कापड शिवते आहे. घाई करू नको म्हटलं.

२३ मार्च
जगदीशने मोटरसायकलवर बॅटरी आणून दिली. जोडली. धूर निघाला. फार नव्हता.

इन्व्हर्टर गेला. कारण शोधलं. लाल वायर म्हणजे प्लस, हे मला पक्कं माहीत आहे. पण काळी संपली होती म्हणून मीच दोन्हीकडे लाल लावली होती, ते लक्षात राहिलं नाही. म्हणजे ज्ञानात कमतरता नाही. वायर कमी पडली.

पुण्याहून रिनाचा फोन. हेमांगीने तिला काय सांगितलं माहीत नाही, पण पोरगी म्हणाली, पप्पा, आईला ट्रेनने घेऊन जा ना. तिला म्हटलं, तुमच्या पिढीला सगळं रेडिमेड लागतं.

६ एप्रिल
नवीन इन्व्हर्टर. सगळं चालू!!

अडचण एकच. ऊन हवं म्हणून गाडी उन्हात लावावी लागते. उन्हात लावली की आत भट्टी. पंखा छान फिरतो, पण त्याच्याखाली बसवत नाही. निंबाखाली लावली तर आत गारवा, पण पॅनलवर सावली, बॅटरी उतरते आणि पंखा थांबतो. दिवसभर गाडी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. डिझेल संपलं.

थकलो आहे. हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं.

१९ एप्रिल
उद्या ट्रायल. तोरणमाळला जायचं, तलावाशी मुक्काम, परवा परत. ही जमली की थेट समुद्र. कंबरेमुळे गाडी लोटनभाऊ चालवतील. हेमांगीने दशम्या केल्या. गुणगुणत होती. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

२० एप्रिल, संध्याकाळ
तोरणमाळला पोहोचलो नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी ते वेगळंच सांगेन.

सकाळी निघालो. बॅटरी शंभर टक्के. राणीपूर मागे पडलं, घाट सुरू व्हायच्या आधी चार-पाच माणसं रस्त्यात आडवी उभी. समोरची ॲम्ब्युलन्स ही अक्षरं मी पांढऱ्या रंगाने बुजवली होती, पण उन्हात ती खालून दिसतात. पाड्यावरची एक पोरगी बाळंतपणात अडलेली. बोलावलेली गाडी आली नव्हती. बाजेवर घालून तिला डोंगरावरून सडकेपर्यंत आणलेलं.

ही कॅरॅव्हॅन आहे हे मी सांगायला लागलो, तोवर हेमांगीने मागचं दार उघडलं होतं. पोरीला आमच्या पलंगावर घेतलं. सोबत सासू आणि नवरा. त्यांची भाषा मला कळत नव्हती, हेमांगीलाही नाही, पण तिचं काही अडलं नाही. लोटनभाऊंनी गाडी वळवली.

मी पंखा लावला. फिरला. हा पूर्ण सोलरवर आहे, असं मी त्या नवऱ्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत बायकोचा हात धरला.

राणीपूरच्या अलीकडे पंखा बंद. डिस्प्लेवर एक्क्याण्णव टक्के. बटणं दाबली, फ्यूज पाहिला, पुन्हा बटणं दाबली. पोरगी घामाने भिजलेली. हेमांगीने माझ्या हातातून चार्ज कंट्रोलरचं माहितीपुस्तक ओढून घेतलं आणि त्याने वारा घालायला लागली. "ते सोडा," म्हणाली, "इकडे पाय धरा."

पाय धरले.

म्हसावदच्या तोंडाशी लग्नाची वरात. ट्रॅक्टर, डीजे, अर्धा रस्ता नाचतोय. लोटनभाऊ हॉर्न वाजवून दमले. हेमांगी ओरडली, "अहो, तो भोंगा लावा!" कापलेल्या वायरी पुढच्या सीटखाली होत्या. गाडीच्या मूळ बॅटरीला दातांनी सोलून जोडल्या. सायरन वाजला. वरात फाटली. नवरदेवसुद्धा घोड्यावरून उतरून बाजूला झाला.

सरकारी दवाखान्यात पोहोचलो. नर्सबाईंनी दारातच ताबा घेतला. थोड्याच वेळात मुलगी झाली. दोघी ठीक. म्हातारी सासू बाहेर आली, हेमांगीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. हेमांगी रडत होती. मी गाडीत पलंगाखाली वाकलेलो होतो.

टर्मिनलचा एक नट सैल होता. म्हणजे डिझाइन बरोबर होतं.

२१ एप्रिल
हेमांगीने सकाळीच पलंगाची चादर धुतली. गाडी आतून पुसली. मग चहा घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "काल गाडी चालनी. भोंगा बी चालना. आते उद्या निघूत."

तिला सांगितलं की समुद्राची हवा खारी असते, जोडण्या गंजतात, आधी सगळं सील करायला हवं. शिवाय हलत्या गाडीत नट सैल होतात त्याचा बंदोबस्त.

"अहो, माले समुद्र दखाना शे. पंखा नही."

आठवडाभर थांब म्हटलं. ती कप घेऊन आत गेली. माझा अजून भरलेलाच होता, तोही घेऊन गेली.

४ मे
आखाजीच्या सणाला हेमांगी माहेरी जाऊन आली. मी गेलो नाही, जोडण्या उघड्या होत्या. ऊन चढलं की छपराला हात लावता येत नाही. सकाळी काम करावं तर सकाळी उठवत नाही. संध्याकाळी करावं तर लोक येऊन उभे राहतात. त्या दिवशीची गोष्ट पसरली आहे, सगळ्यांना सायरनबद्दलच ऐकायचं असतं. सोलरबद्दल कोणी विचारत नाही.

१४ मे
लोटनभाऊंच्या मिसेस, फुलवंताबाई, त्यांची बहीण सुरतेला उधन्यात असते. त्या चालल्या आहेत. हेमांगी त्यांच्यासोबत जाणार म्हणते. नंदुरबारहून गाडीत बसायचं, दुपारच्या आत सुरत. तिथून डुमसला समुद्र. एक मुक्काम करून परत.

मला माहीत नव्हतं असं नाही. सुरत कुठे आहे ते मला माहीत आहे. फक्त असा विचार केला नव्हता.

जेवताना म्हणाली, "तुम्हनं तिकीट काढाले सांगू का?" नट पक्के करायचे खास वॉशर उद्याच यायचे होते. मी म्हटलं, तू आधी पाहून ये, रस्ता कसा आहे ते. ती म्हणाली, रेल्वेला कसला रस्ता. मग भाकरी वाढली.

१७ मे
ती गेली. लोटनभाऊ दोघींना नंदुरबारपर्यंत सोडून आले. नवी बॅग नेली. मला कढी आणि भात झाकून ठेवला होता, ते दुपारी कळलं.

चांगलं झालं. एकाग्रतेने काम होईल. वॉशर बसवले. सगळ्या जोडण्या पुन्हा केल्या. पंखा, दिवे, फ्रीज, सगळं एकाच वेळी चालू. फ्रीजमध्ये ठेवायला काही नव्हतं. पाण्याची बाटली ठेवली.

लोटनभाऊंना बोलावून दाखवलं. "भारी," म्हणाले. थोडा वेळ पंख्याखाली बसले. मग म्हणाले, "अप्पा, तुम्ही बी जाई येता ना." त्यांना म्हटलं, तुम्ही का नाही गेलात? ते म्हणाले, "मी तीन येळ जाई येल शे. तिच्यासंगेच."

१८ मे, संध्याकाळ
हेमांगी आली. थकलेली, उन्हाने काळवंडलेली. साडीच्या काठाला वाळू.

हात-पाय धुवायच्या आधीच तिला गाडीत नेलं. पंखा लावला, दिवे लावले, फ्रीजमधलं गार पाणी दिलं. कुठेही काही सैल नाही. ती पलंगावर बसून पाणी प्यायली. चांगलं झालंय, म्हणाली. मनापासून म्हणाली.

मग मी विचारलं, कसा होता समुद्र.

"मोठा शे."

बाटली तिने परत फ्रीजमध्ये ठेवली. मग ती म्हणाली की पाण्यात उभी असताना तिने फोन काढला होता. मला आवाज ऐकवायचा होता, लाटांचा. नंबरही लावत होती.

"मंग म्हटलं, तुम्ही छपरावर व्हशात. ऱ्हाऊ दे."

मी छपरावरच होतो. पण फोन खिशात होता.