तयारीच्या पाच खुणा

१२ एप्रिल, सोमवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.

टेबलाच्या खणातल्या टाचण्या निवडतो आहे. गंजलेल्या डावीकडे, चांगल्या उजवीकडे. आज नोकरीचा पहिला दिवस. हे पहिले काम माझे मीच नेमून घेतले, कारण मॅडम साडेनऊला येतात आणि मी आठ चाळीसलाच पायरीवर येऊन बसलो होतो. झाडणाऱ्या मावशींनी दार उघडले आणि विचारले, की एवढा नटून आलास, लग्न कोणाचे आहे?

खोली सायकलच्या दुकानावर आहे. खिडकी मोठी, उजेड भरपूर. भिंतीवर शिबिराची चित्रे आहेत: तळे, तंबू, रांगेत उभी मुले. सात ते अकरा वर्षांच्या मुलग्यांचे उन्हाळी शिबिर, दहा दिवस आणि दहा रात्री. पण माझे काम मुलांशी नाही, त्यांच्या घरांशी आहे. मॅडम म्हणाल्या, मुलाची तयारी सोपी असते, घराची करावी लागते.

मी नववीत शाळा सोडली हे त्यांना माहीत आहे. त्यांनी मला अक्षरावर घेतले. शब्दकोश मी घरून आणला आहे. आणखी आनंदाची गोष्ट म्हणजे कामावरच्या माणसाच्या घरातल्या एका मुलाला शिबिर फुकट. ताईचा टिल्ल्या यंदा नऊ वर्षांचा झाला. काल संध्याकाळी सांगितले तर तो पलंगावरून तीनदा उडी मारून खाली आला.

१५ एप्रिल, गुरुवार. दुपारी एक.

मॅडमनी तयारीचा तक्ता समजावून दिला. त्यांचे म्हणणे असे, की मूल शिबिरात रडते ते शिबिरामुळे नाही, घरामुळे. घराची गाठ आधीच सैल केली, की तिकडे ओढ लागत नाही. म्हणून प्रत्येक घराने पाच गोष्टी करायच्या आणि मी जाऊन, डोळ्यांनी पाहून, तक्त्यावर खूण करायची.

पहिली: भिंतीवरचा मुलाचा फोटो उतरवून पाकिटात घालून आमच्याकडे जमा. दुसरी: नाव बंद, लाडाचेही आणि खरेही, दिलेल्या नंबराने हाक. तिसरी: त्याला सगळ्यांच्या आधी, एकट्याला जेवायला वाढायचे. चौथी: त्याच्या झोपण्याच्या जागी दुसरे काहीतरी ठेवायचे, पेटी म्हणा, कपाट म्हणा. पाचवी निरोपाच्या दिवशीची: बस सुटण्याआधी पाठ फिरवायची आणि वळून बघायचे नाही.

मला पटले. लहानपणी ताई मला शाळेच्या दारात सोडून निघाली आणि वळून वळून बघत राहिली, म्हणूनच मी भोकाड पसरले होते.

२२ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी सात.

आज अकरा घरे झाली. माझ्या आधीच्या कारकुनाचे तक्ते पाहिले. बहुतेक ठिकाणी भोके, कुठे दोन खुणा, कुठे एकच. मला असले चालत नाही. खूण राहिली असेल तर मी पुन्हा जातो. पाववाल्याच्या घरी तीनदा गेलो, तेव्हा त्याची बायको म्हणाली, की आमचा जावईसुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाही, आणि आला तर निदान काहीतरी घेऊन येतो.

कपड्यांवर नंबराच्या पट्ट्या शिवायच्या असतात. त्या मी शिंप्याकडून पट्टीने मोजून घेतो. तो म्हणाला, अरे बाबा, पोरं सुटीला चाललीत, तुरुंगात नाही.

मॅडम खूश आहेत. इतक्या वर्षांत इतके नीट काम पाहिले नाही, म्हणाल्या. मी घरी जाताना अर्धा रस्ता शीळ घातली.

३० एप्रिल, शुक्रवार. सकाळी आठ.

टिल्ल्याचा नंबर चाळीस. शेवटचा.

ताई ऐकायला तयार नव्हती. ती घरीच लोकांचे कपडे इस्त्री करते, आणि इस्त्री हातात असताना तिच्याशी वाद घालू नये हे मला ठाऊक असायला हवे होते. नऊ महिने पोटात ठेवला तेव्हा नंबर नव्हता लावला, म्हणाली. नववीत शाळा सोडलेला आता मला आईपण शिकवणार! मी समजावले, की माझ्याच घराचा रकाना रिकामा राहिला तर मी दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगू? शेवटी तिने फोटो उतरवला. टिल्ल्याच्या पलंगाच्या जागी तिचे इस्त्रीचे टेबल आले.

त्याला सगळी गंमत वाटते. हाक मारली की टाचा जुळवून ओरडतो, चाळीस हजर! एकटा जेवतो, पण जेवताना गुणगुणतो. घास तोंडात असतानाही. जन्मापासूनची खोड आहे, चाल नेहमी तीच. त्याने एकच मागणे केले: बॅटरीतले सेल संपले आहेत, मामा, दोन सेल आण. तंबूत अंधार असतो ना. मी कबूल केले आहे.

चार खुणा केल्या. चाळीस घरे, एकही भोक नाही.

७ मे, शुक्रवार. संध्याकाळी सहा.

कपाट आवरताना गेल्या वर्षीचा एक टॉवेल सापडला. पट्टीवर नंबर सतरा. वहीत पत्ता होता, म्हणून पोचवायला गेलो. माणूस किल्ल्या बनवतो. मोकळा, हसरा गृहस्थ. म्हणाला, आम्हाला मूलबाळ नाही, पत्ता चुकला असेल. बायको आतून हसत आली. मूल असतं तर मी अशी निवांत बसले असते का हो?

पत्ता चुकला नव्हता. वहीत त्याचीच सही आहे, धंदाही लिहिलेला आहे.

मी दाराशी उभा होतो. चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकावर एक, शेजारी तारखा. सर्वांत वरची माझ्या छातीला लागत होती. गेल्या वर्षीचा एप्रिल. हे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, लाकडाच्या रेषा असतील. आणि बोलता बोलता त्याच्या बायकोने त्या रेघेच्या उंचीवर, हवेत, हात ठेवला. एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा. थोपटलेही. तिचे लक्ष नव्हते.

टॉवेल परत आणला आहे.

८ मे, शनिवार. दुपारी दोन.

मॅडम बँकेत गेल्या असताना गेल्या वर्षीच्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. जाताना अडतीस. येताना एकतीस.

सात कमी. कुठे तक्रार नाही, पत्र नाही, कोणी चौकशीला आल्याची नोंद नाही.

मग तक्ता काढला. त्या आळशी कारकुनाच्या हातून सातच घरांच्या पाचही खुणा पूर्ण झाल्या होत्या. सात नंबर मी बोट ठेवून जुळवले. दोनदा. तेच सात. जिथे एक जरी खूण राहिली, तो मुलगा घरी आला आहे.

माझ्या तक्त्यात एकही भोक नाही.

१० मे, सोमवार.

मॅडमना विचारले. वाटले होते रागावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, अहो, ती रडत नाहीत. ज्याला कोणी हाक मारत नाही तो कशाला रडेल? मी विचारले, ती आहेत कुठे. म्हणाल्या, शिबिरात. मी म्हणालो, शिबिर तर दहा दिवसांचे. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, चुकीचा पाढा म्हणणाऱ्या पोराकडे बघावे तशा.

मग म्हणाल्या, आधीच्याने फार नुकसान केले. तुम्ही देवासारखे भेटलात.

१२ मे, बुधवार. रात्र झाली आहे, वेळ पाहिली नाही.

दिवसभर घरोघर फिरलो. सगळे उलटे करा म्हणालो. नावाने हाक मारा. ताट सगळ्यांबरोबर वाढा. एकानेही ऐकले नाही. भांडले असते तरी बरे. भांडतच नाहीत.

पाववाल्याची बायको म्हणाली, बारा नंबर खेळायला गेलाय. मी म्हणालो, नाव सांगा. ती हसली. थांबा, जिभेवर आहे. हसतच राहिली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून आत गेली — आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मलाच विचारले, तुम्हाला कोण हवंय?

१४ मे, शुक्रवार.

घरीच उशीर केला मी. आधी इथे बघायला हवे होते.

ताईने दारातल्या चपला उचलून विचारले, या कोणाच्या रे? लहान आहेत.

मी ओरडलो. टिल्ल्याच्या! तुझ्या टिल्ल्याच्या! ती घाबरली. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाली, तो चाळीस ना? गुणी आहे पोरगा. आपल्याकडे कधीपर्यंत आहे?

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सगळे ऐकत. टाचा जुळवल्या नाहीत.

जेवताना गुणगुणला नाही.

१५ मे, शनिवार.

ठरले. त्याला पाठवायचे नाही. उद्या त्याला कडी लावून घरात ठेवीन आणि मग बसपाशी जाईन. आणि समजा काही चुकलेच — तर पाचवी खूण उरते. सगळ्यांनी पाठ फिरवू दे. मी फिरवणार नाही. एक माणूस बघत राहिला तर खूण पुरी होत नाही. एक पुरे.

सेल आणले. खिशात आहेत. तो झोपला आहे, जमिनीवर, टेबलाखाली. सकाळी देईन.

तळहातावर त्याचे नाव शाईने लिहिले आहे. कारण मघाशी — जिन्यात — क्षणभर मला —

नाही. टिल्ल्या. टिल्ल्या. टिल्ल्या.

१६ मे, रविवार. सकाळी नऊ.

बस गेली. सहा वीसला.

कडी लावली होती. नक्की लावली होती. मी पोचलो तर चाळीस जण रांगेत उभे होते, कोणी ढकलाढकली करत नव्हते. चाळीस मुलांचा काहीच आवाज नाही. आईबापांनी पाठी फिरवल्या, सगळ्यांनी एकदम.

मी नाही फिरवली. मी बघत होतो. एकेक खिडकी. माझा कोणता ते बघत होतो. सगळे सारखेच —

तळहातावर काहीतरी होते. घामाने पसरले होते.

शेवटच्या खिडकीतला एक मुलगा माझ्याकडे बघून तोंड हलवत होता. काच बंद. हातात बॅटरी. बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा, माझ्याकडे रोखून. पेटत नव्हती. असे ओळखीच्या माणसाकडे बघतात. मला वाटले, माझ्या मागे त्याचे कोणी उभे असेल. म्हणून वळून पाहिले.

मागे कोणी नव्हते.

मी पाठ —

बस हलल्याचा आवाज आला.

१७ मे.

ताई इस्त्री करताना गुणगुणते आहे. चाल कुठेतरी ऐकलेली. विचारले, कुठली गं? ती म्हणाली, मी कुठे गुणगुणतेय? आणि गुणगुणत —

मला भीती कशाची वाटते तेच आठवत नाही. वाटते मात्र. फार.

१८ मे, मंगळवार.

मॅडमनी खर्चाचा तपशील मागितला आहे. तक्ताही परत दिला. पाचव्या रकान्यात चाळीस खुणा. एकोणचाळीस माझ्या. शेवटची त्यांच्या हातची.

खर्च.
घरभेटींचे बसभाडे: २१२.
टाचण्या, पाकिटे, शाई: ५४.
सेल, दोन: १६. खिशात सापडले. माझ्याकडे बॅटरी नाही.

येणे.
कार्यालयाकडून: २६६. सेल माझ्या नावावर. कारण सांगता येत नाही.

देणे.
शिंप्याला, नंबर चाळीसच्या बारा पट्ट्या: ३६. तो म्हणतो, तूच घेतल्यास, स्वतःच्या पैशाने. तो म्हणतो, घरच्यासाठी. आमच्या घरी ताई आणि मी.
मागच्या पानांवर एकच नाव आहे. अक्षर माझे. शुद्धलेखन बरोबर. मोठ्याने वाचले. ताईच्या हातून इस्त्री पडली, आणि ती विचारते आहे, कोणाला हाक मारलीस, पुन्हा मार, पुन्हा —
दोन सेल, कबूल केलेले. देणे —