अर्धा स्वर खाली

४ फेब्रुवारी १९७८, पार्मा

नेव्हिओला व्हिएन्नाच्या ऑपेराचं बोलावणं आलं! तालमीच्या खोलीत कोटसुद्धा न काढता तार नाचवत होता. "माएस्त्रा, बघा! अठ्ठावन्नाव्या वर्षी!"

"कोट काढ. आधी गळा तापव," मी गुरूच्या आवाजात म्हणाले.

पियानोवर बसले आणि गेली दोन वर्षं वाजवते तसंच वाजवलं – स्वरलिपीच्या वहीत छापलंय त्याच्या अर्धा स्वर खाली. हात आता आपोआप जातात.

त्याला हे ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी

लिहूनच काढते.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको मिरेल्ला गेली. महिनाभरात तो रंगमंचावर उभा राहिला. नको म्हणत होते सगळे. बापाची भूमिका, शेवटचं मोठं गाणं, आणि वरचा सूर फाटला. आमच्या वरच्या गॅलरीतले लोक हे माफ करत नाहीत. एर्मेस हॅमवाला वरून ओरडला, "नेव्हिओ, घरी जा, सूप गार होतंय!" अख्खं थिएटर हसलं. घरी सूप करणारी उरली नव्हती.

दुसऱ्या प्रयोगाआधी मी वाद्यवृंदाच्या सगळ्या वह्या अर्धा स्वर खाली आणून लिहून घेतल्या. थकलेल्या गायकाला वरचा सूर सोपा जावा म्हणून असं करतात, त्यात पाप नाही. पण त्याला सांगून करतात! थिएटरचे संचालक कोर्राडीनी म्हणाले, "सिन्योरा, त्याला कळलं तर?" मी म्हणाले, "पट्टी ओळखणारा कान त्याला नाही. तीस वर्षं शिकवतेय मी त्याला."

सूर लागला. टाळ्या थांबेनात. विंगेत येऊन माझे हात धरून रडला – "मिरेल्लाने ऐकलं असेल, माएस्त्रा."

त्यानंतर काय सांगणार होते?

९ फेब्रुवारी

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी

एर्मेसच्या दुकानात गेले. दोनशे ग्रॅम कापता कापता म्हणतो कसा, "सिन्योरा, वर बसणारे आम्ही काही बहिरे नाही. अर्धा स्वर!"

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. आमच्यातल्या निम्म्यांना."

"मग ओरडला का नाहीस? एरवी तर तोंड मिटत नाही तुझं."

त्याची सुरी थांबली. "एकदा ओरडलो ना मी. तेवढं पुरलं मला." मग पुडी बांधत म्हणाला, "पण व्हिएन्नावाले पट्टी उतरवणार नाहीत. आणि तिथे त्याच्यासाठी कोण गप्प बसणार?"

म्हणजे दोन वर्षं त्या टाळ्यांतही दया होती. माझ्यामुळे!

१४ फेब्रुवारी

सांगितलं. उभ्यानेच, एका दमात.

तो खुर्चीवर बसला.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"इथे सरावालासुद्धा?"

"हो."

मग उठून पियानोपाशी आला. "आत्ता वाजवा. छापलंय तसं."

मी झाकण लावलं. "नको, नेव्हिओ. उगीच त्रास कशाला करून घेतोस?"

"लागणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"वय झालंय तुझं," मी म्हणाले. माझ्या नेहमीच्या आवाजात – विद्यार्थ्याला चूक दाखवावी तसं.

त्याने टोपी घातली. "येतो, सिन्योरा." तीस वर्षांत पहिल्यांदाच माएस्त्रा म्हणाला नाही.

१६ फेब्रुवारी

व्हिएन्नाला नकाराची तार गेली. आमच्या थिएटरलाही त्याने यापुढे गाणार नाही असं कळवलं. कोर्राडीनी माझ्याशी बोलत नाहीत.

भर प्रयोगात फजिती होण्यापेक्षा हे बरं. मी योग्यच केलं. बोलोन्याला कॉलेजात तर्कशास्त्रात पहिली आले होते मी. दोन्ही बाजू मांडून बघितल्या. हिशेब बरोबर येतो. तरी जेवण जात नाही.

२ मार्च

तो चौकात दिसला. मी हात केला. त्याने रस्ता ओलांडला.

१ एप्रिल

एर्मेसच्या मुलीचं लग्न. एर्मेस नेव्हिओच्या दारात दोन तास बसला म्हणे – "गायलास तरच उठेन." नेव्हिओ चर्चमध्ये गायला. साथीला ऑर्गन, वाजवणारा खेड्यातला म्हातारा. छापलेलं सोडून त्याला दुसरं काही येत नाही. स्तोत्रात तोच वरचा सूर येतो. मी मान खाली घातली. नेव्हिओ खऱ्या पट्टीत गात होता, आणि सूर लागला. स्वच्छ, भरलेला, हवा तितका वेळ धरला त्याने.

आवाज गेलाच नव्हता. तो महिना शोकाचा होता, एवढंच. दोन वर्षांत मी एकदाही तपासून बघितलं नाही.

व्हिएन्नात आज दुसराच कोणी गातोय.