मासे सोडण्याआधी

प्रिय अप्पा,

आज तुमची मीनू एच. डी. कोट्याहून, कबिनीच्या काठावरून, एक सुकलेलं मूळ घेऊन आली. "आई, हे माशांच्या टँकात घालू?" नात तुमचीच! मूळ उकळत ठेवलं, पाणी चहासारखं झालं, ओतून पुन्हा ठेवलं. मग राहवेना. तुम्हाला लिहायला बसले.

सुरेश वारल्यावर मी लहानग्या मीनूला घेऊन माहेरी, विजयनगरच्या घरी आले, आठवतं? जेवत नव्हते, बोलत नव्हते. सगळे माझी समजूत घालत होते. तुम्ही मात्र एका दुपारी रिकामा टँक आणलात आणि थोडे गोटे माझ्यापुढे ठेवलेत.

"लिंबू पिळ गं. फेस आला तर तो दगड बेडा, नकोच. पाण्यात चुना सुटतो."

मी पिळत बसले. मग जुन्या साडीचा तुकडा दिलात. "सगळीकडून फिरव. इथे धागा अडकला तर माशाचे पंखही फाटतील, अल्वा, हो ना?"

त्या संध्याकाळी मी आपण होऊन ताट वाढून घेतलं, अप्पा!

पुढे मी सुरेशनं दसऱ्याला घेतलेला मातीचा हत्ती काढला. हाही आत हवा, म्हटलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. आधी बादलीत बुडवलात. सकाळी पाणी लाल!

"त्याचं काहीच उरू द्यायचं नाही का?" मी ओरडले.

तुम्ही हत्ती हळूच पुसलात. "आत गेला तर मासे मरतील. बाहेर ठेवू की." आणि काचेला लागून, मागच्या बाजूला ठेवलात. तेव्हा मी पहिल्यांदा सुरेशचं नाव घेऊन रडले. तुम्ही शेजारी बसून राहिलात.

दगड न् दगड पारखणारे तुम्ही! मग स्वतःच्या छातीतलं दुखणं का लपवलंत? "स्वल्प पित्त आहे," म्हणत राहिलात आणि एक दिवस गेलातच. याचा राग अजून आहे हं!

पण तो टिकत नाही. येलवालच्या शाळेत शिकवायला लागले, मीनूला वाढवलं. लोक मला धीराची म्हणतात. तो धीर कुणी दिला, ते मला ठाऊक आहे.

मीनू आता धारवाडला शिकायला निघाली आहे. नको म्हणायचं ओठावर येतं. पण वचन देते, अप्पा, तिला अडवणार नाही. बस हलेपर्यंत हसत उभी राहीन.

तुमची,
सुधा