चुन्याची पावलं

मंगळवार संध्याकाळ, अमरावती

ताट तसंच बाजूला सारलंय.

आमच्या पर्यावरणपूरक दवाखान्यात प्लास्टिकच्या पाट्या नकोत, हा माझाच आग्रह होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी अतिदक्षता विभागाकडे जाणाऱ्या अरुंद बोळात, फरशीभर, चुन्याच्या रंगाने पावलं काढली. किती मिरवले मी त्या पावलांवरून!

आज दुपारी चांदूर रेल्वेहून एक आजी आल्या. आत त्यांच्या नवऱ्याची शेवटची घटका होती. नर्स म्हणाली, “पावलांवरून सरळ जा.” आजी थबकल्या, मागे वळल्या आणि बागेकडच्या लांबच्या वाटेने जाताना चुकल्या. मला भेटल्या तेव्हा रडत होत्या.

“आजी, सरळ का नाही गेलात?”

“लक्ष्मीचे पावलं हायेत थे, माय. त्यायच्यावर पाय कसा देऊ?”

आम्ही पोचलो तेव्हा आजोबा गेले होते.

दरवर्षी महालक्ष्म्यांना आईसोबत मी हीच पावलं काढते. त्यांच्यावर आमच्या घरी कोणी पाय देत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला एवढंही सुचू नये?

निघताना आजी पुन्हा त्या पावलांपाशी थांबल्या. “कोनं काढले वं? लय सुरेख हायेत.”

मी त्यांचा हात धरून त्यांना बागेकडच्या वाटेने बाहेर नेलं.