टिंबाआडचा दिलीप

म्हैसूर, रविवार

तीर्थस्वरूप अक्का,

तुला आणि गुरुराव भावजींना दिलीपचा वाकून नमस्कार. भावजींचा गुडघा काय म्हणतो? इथं अम्माचं बीपी ठीक, साखर ठीक. बिघडलो होतो तो मीच, आणि का ते ऐक.

माझ्या लेकानं, नवीननं, त्याचा जुना कॉम्प्युटर अम्माला दिला, त्यात ते फुकटचं लिनक्स घातलं आणि फोटो कसे लावून ठेवायचे ते शिकवलं. झालं! बहात्तराव्या वर्षी अम्मा पोळ्या सोडून फोल्डर लाटायला लागली. परवा तिचा चष्मा शोधायला गेलो, तर पडद्यावर ओळीनं फोल्डर: अक्का, सुदीप, स्तोत्रं, चिन्नी (शेजारच्यांची मांजर, अक्का! मांजर!). दिलीप नाही. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं, नाही म्हणजे नाही. आणि आपल्या धाकट्या सुदीपचे फोटो किती? सहाशे बारा! तो सिडनीत बसून रविवारी दहा मिनिटं तोंड दाखवणार. मी रोज बीपी मोजणार, कॉफीपूड ताजी दळून आणणार, सोमवारी नंजनगूडला देवाला नेणार, तरी मला मांजरीइतकीही जागा नाही? जळलो. खोटं कशाला बोलू, पायापासून शेंडीपर्यंत जळलो (शेंडी आता उरली नाही, ते सोड).

दोन दिवस अम्माशी मोजकंच बोललो. तिनं बिसिबेळे भात केला, तर दुसऱ्यांदा वाढून न घेता उठलो (तिसऱ्यांदा म्हणायचं होतं). शेवटी आज सकाळी विचारलंच, की मी काय तुला बन्नूरच्या बाजारात सापडलो होतो? अम्मा वाती वळत होती. "अय्यो, तू आहेस की रे," म्हणाली आणि कंट्रोल आणि एच अशी दोन बटणं एकदम दाबली. टपकन फोल्डर उगवलं. नाव माझंच, पण आधी एक टिंब. अक्का, ती तीट होती! लहानपणी मला सारखी दृष्ट लागायची (गालावर केवढं काळं दृष्टिबोट्टु असायचं, आठवतं ना?), म्हणून तिनं नावालाही लावली. आणि या लिनक्समध्ये नावाआधी टिंब दिलं की फोल्डर लपतं. नवीननं तिला हे सांगितलं, तर म्हणे, बरंच झालं, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. आत नऊशे चाळीस फोटो! म्हणजे सुदीपपेक्षा तीनशे अठ्ठावीस जास्त (मोजले). चोपन्न वर्षांचा बाप्या मी, देवघरात जाऊन डोळे पुसून आलो.

तुझं फोल्डर उघडंच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. भावजींना जप.

तुझा तीट लावलेला,
दिलीप

ता. क. सुदीपचे लहानपणापासूनचे फोटो तुझ्याकडे आहेत ना? सगळे पाठव. झालं असं, की त्या रुसव्यात मी त्याचं फोल्डर सुम्ने, उगाच आपलं, पेनड्राइव्हवर हलवलं. घरात नाही तो फोल्डरात तरी कशाला, म्हणून. डावीकडच्या यादीत पेनड्राइव्हचं नाव येतं, त्याच्या शेजारचा बाण दाबून मगच तो काढायचा असतो म्हणे. मला अम्माची पावलं ऐकू आली, मी तसाच उपटला. आता तो कोरा आहे, आणि कॉम्प्युटरवरही काही नाही.

आणखी एक. मघाशी अम्माला सुदीप दिसेना. दोन बटणं दाबून पाहिलं, तरी नाही. "याला तीट लावायची राहिली, लागली कुणाची तरी दृष्ट," म्हणाली आणि मीठ-मिरच्या आणून कॉम्प्युटरवरून ओवाळायला लागली. बाहेरच्यांची, आल्यागेल्यांची भरभर म्हणून टाकली. घरच्यांची म्हणताना मात्र हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. फोटो आजच पाठव, अक्का.